घरात उडवायचं रिमोटचं हेलिकॉप्टर: नवशिक्यांचे नेहमीचे प्रश्न

नवं हेलिकॉप्टर घेतलेल्या किंवा घ्यायच्या विचारात असलेल्या मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला अगदी प्राथमिक आणि पुढे थोडे अवघड प्रश्न आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्या प्रश्नात असेल तिथे तसं सांगितलं आहे.

घरात उडवायची हेलिकॉप्टरं किती प्रकारची असतात?

ढोबळमानाने तीन.

पहिला प्रकार कोॲक्सिअल. यात एकावर एक असे दोन पंखे असतात आणि ते एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात. एकाचा पीळ दुसरा खोडून काढतो, त्यामुळे हेलिकॉप्टर आपोआप गिरकी घेत नाही. वरच्या पंख्याला टोकांशी वजन असलेला एक आडवा दांडा असतो. त्याला फ्लायबार म्हणतात. हेलिकॉप्टर कललं की हा दांडा त्याला पुन्हा सरळ करतो. सायमा एस१०७जी हे याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण.

दुसरा प्रकार फिक्स्ड पिच. वर एक मोठा पंखा, शेपटीला एक छोटा उभा पंखा. पात्यांचा कोन कायम असतो. वर जायचं तर पंखा जोरात फिरवायचा, खाली यायचं तर हळू. डब्ल्यूएलटॉइजचं व्ही९११ या गटातलं.

तिसरा प्रकार कलेक्टिव्ह पिच. इथे पंख्याचा वेग जवळपास तोच ठेवून पात्यांचा कोन बदलतात. हे उलटंही उडू शकतं आणि नवशिक्याला क्षणभरही उसंत देत नाही. त्याबद्दल खाली वेगळा प्रश्न आहे.

एवढ्याशा यंत्रांना खेळणं म्हणून हिणवणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. नॉर्वेच्या पेटर मुरेन यांनी आधी घरात उडणारी, स्वतःला सावरणारी चिमुकली हेलिकॉप्टरं बनवली. पुढे त्यांच्या प्रॉक्स डायनॅमिक्स या कंपनीने ब्लॅक हॉर्नेट हे हातात मावणारं टेहळणी हेलिकॉप्टर तयार केलं, आणि ब्रिटिश सैन्याने ते अफगाणिस्तानात वापरलं.

पहिलं हेलिकॉप्टर कोणतं घेऊ?

नुसती मजा हवी असेल, घरातल्या सगळ्यांनी आलटूनपालटून उडवायचं असेल, तर तीन चॅनलचं कोॲक्सिअल घ्या (चॅनल म्हणजे काय ते पुढच्या प्रश्नात आहे). पहिल्याच संध्याकाळी ते हवेत तरंगेल.

खरोखर उडवायला शिकायचं असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: चार चॅनलचं फिक्स्ड पिच घ्या. पहिला आठवडा त्रासाचा जाईल, पण हाताला लागलेली सवय पुढच्या प्रत्येक हेलिकॉप्टरवर उपयोगी पडेल. तीन चॅनलवर कितीही महिने घालवले तरी चौथ्या चॅनलची सवय लागत नाही, आणि खरं शिकणं तिथूनच सुरू होतं.

मॉडेल ठरवण्याआधी त्याचे सुटे भाग सहज मिळतात का ते बघा. मुख्य पाती, शेपटीचं पातं, मोठं गिअर, मधला दांडा आणि बॅटरी या पाच गोष्टी मिळत नसतील तर ते हेलिकॉप्टर कितीही देखणं असलं तरी घेऊ नका. पाती तुटणारच आहेत. किमतीचा अंदाज बांधताना दोन जादा बॅटऱ्या आणि पात्यांचा एक जादा संच आधीच धरून चाला.

चॅनल म्हणजे काय? तीन आणि चार यात एवढा काय फरक?

तुम्ही हेलिकॉप्टरला देऊ शकता त्या स्वतंत्र आज्ञा म्हणजे चॅनल. थ्रॉटलने वर-खाली, रडरने नाक डावी-उजवीकडे, एलेव्हेटरने पुढे-मागे. हे झाले तीन. चौथा एलेरॉन, म्हणजे नाक न वळवता आडवं डावी-उजवीकडे सरकणं.

तीन चॅनलचं हेलिकॉप्टर हवेच्या झोताने बाजूला सरकू लागलं तर त्याला थेट परत आणता येत नाही. आधी नाक वळवायचं आणि मग पुढे न्यायचं. तोवर कपाट आलेलं असतं. चौथा चॅनल असला की अंगठा किंचित हलवून ते जागेवर आणता येतं.

रिमोट घेताना मोड विचारून घ्या. मोड २ मध्ये थ्रॉटल डाव्या हाताला असतं, मोड १ मध्ये उजव्या. आपल्याकडे बहुतेक जण मोड २ वर उडवतात, त्यामुळे कुणाकडून शिकायचं असेल तर तोच बरा. एकदा निवडलेला मोड बदलू नका.

मग ड्रोनच का घेऊ नये? तो सोपा नाही का?

सोपा आहे. चार पंख्यांचा छोटा ड्रोन स्वतःला सपाट ठेवतो, आणि रिमोटवरची स्टिक सोडली तर बहुतेक मॉडेलं शांत उभी राहतात. लवकर उडवायचं एवढंच ध्येय असेल तर ड्रोन घ्या, त्यात कमीपणा काही नाही. हेलिकॉप्टरचं सुख वेगळं आहे: ते जागेवर थांबवणं हेच मुळात कौशल्य आहे. तळहातावर उभी काठी तोलताना हात जसा सतत बारीक हलत राहतो, तसे इथे अंगठे हलत राहतात.

खोली केवढी लागते? आमच्या दिवाणखान्यात जमेल का?

तीन चॅनलच्या कोॲक्सिअलला दहा बाय दहा फुटांची मोकळी खोली पुरते. चार चॅनलच्या फिक्स्ड पिचला बारा बाय पंधरा फुटांचा हॉल हवा, आणि मधलं टीपॉय बाजूला सारायला हवं. छोट्या कलेक्टिव्ह पिचला मात्र घर पुरत नाही. बॅडमिंटनचं कोर्ट १३.४ मीटर लांब आणि ६.१ मीटर रुंद असतं, निदान तेवढी जागा धरा. शाळेचं सभागृह किंवा रिकामं मंगल कार्यालय मिळालं तर उत्तमच.

लांबी-रुंदीपेक्षा खोलीतली हवा महत्त्वाची. छताचा पंखा पूर्ण बंद करा. हळू फिरणारा पंखासुद्धा चाळीसेक ग्रॅमच्या यंत्राला खाली दाबतो, आणि हेलिकॉप्टर पंख्याच्या पात्यांत गेलं तर तुकडे उडतात. एसी बंद, गॅलरीचं दार बंद. देवघरात दिवा किंवा उदबत्ती लावलेली असेल तर ती शांत होईपर्यंत थांबा. तोरण, पडदे, झोपाळ्याच्या साखळ्या यांपासून लांब राहा.

भिंतीच्या फार जवळ गेलं की पंख्याचाच वारा भिंतीवरून परतून येतो आणि हेलिकॉप्टर डगमगतं. छताजवळ गेलं की ते वर ओढलं जातं आणि छताला चिकटल्यासारखं होतं. तिथे घाबरून थ्रॉटल शून्यावर आणू नका, थोडं थोडं कमी करा.

जमिनीवरून उचलताना ते घसरतं, गोल फिरतं, उलटतं. माझं काय चुकतंय?

तुम्ही फार हळू उचलताय. नवशिक्यांकडून सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच.

पंखा जमिनीजवळ असताना त्याने खाली ढकललेली हवा अडते, पसरते आणि उसळून परत येते. हेलिकॉप्टर या खळबळत्या हवेच्या थरावर घसरत राहतं. पंख्याचा व्यास जेवढा, साधारण तेवढ्या उंचीपर्यंत हा प्रकार जाणवतो. घरातल्या हेलिकॉप्टरसाठी ही उंची म्हणजे वीतभर. भीतीपोटी आपण ते नेमकं त्याच वीतभरात ठेवतो, आणि तिथेच ते सगळ्यात अवखळ असतं.

थ्रॉटल ठामपणे पुढे न्या, हेलिकॉप्टर गुडघ्याच्या वर येऊ द्या, मग थांबवा. तिथली हवा शांत असते. उतरतानाही शेवटची वीत रेंगाळू नका.

उचलण्याची जागा गुळगुळीत असावी. गालिच्यात किंवा जाड सतरंजीत स्किडचं, म्हणजे खालच्या आडव्या पायाचं, टोक अडकलं की हेलिकॉप्टर कलंडतं. फरशीवर ते नुसतं सरकतं, त्याने काही बिघडत नाही.

एवढं करूनही ते जागच्या जागी गिरक्या घेत असेल, तर जायरो, म्हणजे गिरकी ओळखून ती रोखणारा सेन्सर, तपासा. बॅटरी जोडल्यावर हेलिकॉप्टर काही सेकंद सपाट जागेवर स्थिर ठेवावं लागतं. त्या वेळात जायरो स्वतःचं शून्य ठरवतो. हातात धरून बॅटरी जोडली तर ते शून्यच चुकतं.

सराव कोणत्या क्रमाने करू?

शेपटी तुमच्याकडे, नाक समोर. हीच पहिली आणि दीर्घकाळ चालणारी पायरी. या स्थितीत तुमचं डावं-उजवं आणि हेलिकॉप्टरचं डावं-उजवं एकच असतं. फरशीचा एक चौकोन ठरवा आणि त्याच्या वर छातीच्या उंचीला ते थांबवण्याचा प्रयत्न करा. एक पूर्ण बॅटरी तुम्ही त्या चौकोनाच्या आसपास राहू शकलात की पुढे जा.

मग नाक थोडं डावीकडे वळवून थांबवा, मग थोडं उजवीकडे. तिरक्या स्थितीतून हळूहळू पूर्ण आडव्या स्थितीपर्यंत या. त्यानंतर खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणं-येणं, आणि मग इंग्रजी आठ.

नजर हेलिकॉप्टरच्या नाकावर ठेवा, पंख्यावर नको. आणि थकल्यावर उडवू नका. शेवटच्या बॅटरीला जितकी पाती तुटतात तितकी पहिल्या बॅटरीला तुटत नाहीत.

नाक माझ्याकडे आलं की सगळं उलटं होतं. यावर युक्ती आहे का?

नाक तुमच्याकडे असताना थ्रॉटल सोडून बाकी सगळं उलट दिसतं. एक आधार सांगतो: हेलिकॉप्टर ज्या बाजूला पडतंय त्याच बाजूला स्टिक न्या, जणू तुम्ही त्याच्या खाली टेकू लावताय. डावीकडे सरकताना दिसलं तर एलेरॉन डावीकडे. हा आधार फक्त पहिल्या दिवसांसाठी आहे. सरावाने विचार न करता अंगठा योग्य बाजूला जाऊ लागतो. तोवर गोंधळ उडाला की रडरने शेपटी आपल्याकडे वळवून घ्या.

इथे सिम्युलेटरचा जबरदस्त उपयोग होतो. रिअलफ्लाइट, हेली-एक्स किंवा नेक्स्ट यांपैकी कोणताही चालेल. खराखुरा रिमोट संगणकाला जोडा, कीबोर्डवर शिकू नका.

ते सारखं एका बाजूला सरकतं. ट्रिम करू की हवेचा परिणाम समजू?

ट्रिम म्हणजे स्टिकची मधली जागा किंचित सरकवणारी रिमोटवरची छोटी बटणं. खोलीच्या मध्यावर, गुडघ्याच्या वर थांबवून बघा. आता खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, नाक दुसऱ्या दिशेला करून तेच करा. दोन्हीकडे ते स्वतःच्या एकाच बाजूला, समजा स्वतःच्या डावीकडे, सरकत असेल तर ट्रिम उलट दिशेला एक-दोन टप्पे द्या. नाक कुठेही असलं तरी ते खिडकीकडेच जात असेल, तर दोष खोलीतल्या हवेचा आहे. जमिनीलगत असताना कधीच ट्रिम करू नका. कारण वर दिलं आहे.

एका जागी थांबलेलं असताना ते किंचित उजवीकडे कललेलं दिसतं. बिघाड आहे का?

शेपटीला उभा पंखा असेल तर बिघाड नाही, हे असंच असायला हवं. बहुतेक मॉडेल हेलिकॉप्टरांचा मुख्य पंखा वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. त्याच्या पिळाने धड उलट्या दिशेला फिरू पाहतं. शेपटीचा पंखा हे रोखण्यासाठी शेपटीला डावीकडे ढकलतो. पण त्या ढकलण्याने अख्खं हेलिकॉप्टरही डावीकडे सरकू लागतं, म्हणून जागेवर राहायचं तर त्याला किंचित उजवीकडे झुकावंच लागतं. प्रवासी वाहणारी मोठी हेलिकॉप्टरंही याच कारणाने झुकतात. त्यांचा पंखा उलट दिशेने फिरत असेल तर डावीकडे.

कोॲक्सिअल मात्र कललेलं दिसलं तर पाती आणि दांडा तपासा.

माझं कोॲक्सिअल हवेत गोल गोल घिरट्या घालतं आणि घिरटी मोठी होत जाते.

याला हौशी मंडळींत टॉयलेट बोल म्हणतात. पाण्याच्या भोवऱ्यासारखी ती घिरटी असते. मधला दांडा किंचित वाकला आहे का ते आधी बघा: पंखा हाताने सावकाश फिरवा आणि टोकाकडे लक्ष ठेवा. मग पात्यांचे स्क्रू. ते फार घट्ट असतील तर पाती फिरताना आपली जागा घेऊ शकत नाहीत. हेलिकॉप्टर आडवं धरल्यावर पातं स्वतःच्या वजनाने हळूच कलेल इतपत ते सैल हवेत. शेवटी फ्लायबारची जोडकडी: ती अडखळत असेल किंवा फार ढिली झाली असेल तर बदला. चीर गेलेलं पातं चिकटपट्टीने जोडून वापरू नका, तोल जातो.

बॅटरीची काळजी कशी घ्यायची? एवढ्याशा बॅटरीला काय होणार?

एवढीशी असली तरी ती लिथियम पॉलिमर आहे आणि पेट घेऊ शकते. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

एका सेलचा नाममात्र दाब ३.७ व्होल्ट, पूर्ण चार्ज ४.२ व्होल्ट. ३ व्होल्टच्या खाली ती कधीच जाऊ देऊ नका. हेलिकॉप्टर वर चढायला कुरकुर करू लागलं की लगेच उतरवा. शेवटचा थेंब पिळून घेतलात तर बॅटरी कायमची दुबळी होते. रिमोटवर किंवा फोनवर टायमर लावणं सगळ्यात सोपं. काही बॅटऱ्यांवर एलआयएचव्ही असं लिहिलेलं असतं. त्यांना ४.३५ व्होल्टपर्यंत चार्ज करता येतं, पण साध्या बॅटरीला चुकूनही तसं करू नका.

चार्जिंगचा प्रवाह बॅटरीच्या क्षमतेएवढाच ठेवा. १५० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीला १५० मिलिअँपिअर, म्हणजे साधारण तासाभरात ती भरते. उडवून आल्यावर गरम बॅटरी थेट चार्जिंगला लावू नका. गादीवर, सोफ्यावर, उशीजवळ चार्ज करू नका. फरशीवर किंवा स्टीलच्या ताटात ठेवा, आणि स्वतः त्याच खोलीत थांबा. रात्री चार्जिंगला लावून झोपू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

बरेच दिवस उडवणार नसाल तर बॅटरी अर्धवट, साधारण ३.८ व्होल्टवर ठेवा. पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवली तर ती खराब होते. उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. फुगलेली बॅटरी वापरू नका, टोचू नका, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या.

मोटरचंही याच्याशी नातं आहे. या छोट्या कोरलेस मोटरी तापतात आणि तापून झिजतात. तीन बॅटऱ्या लागोपाठ उडवण्यापेक्षा मधे दहा मिनिटं थांबा.

खिडकीशी आलं की सिग्नल तुटतो. रिमोट खराब आहे का?

तुमचं हेलिकॉप्टर इन्फ्रारेडवर चालत असणार. टीव्हीच्या रिमोटसारखा तो प्रकाशाचा सिग्नल आहे, आणि उन्हातल्या इन्फ्रारेडमध्ये तो हरवतो. पडदे ओढा किंवा संध्याकाळी उडवा. २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओवर चालणाऱ्यांना ही अडचण येत नाही. दोन इन्फ्रारेड हेलिकॉप्टरं एकत्र उडवायची असतील तर दोघांचे बँड वेगळे हवेत. एस१०७जीच्या रिमोटवर त्यासाठी ए आणि बी असं बटण असतं.

चालू-बंद करण्याचा क्रम काय?

आधी थ्रॉटल तळाला, मग रिमोट चालू, मग हेलिकॉप्टर. बंद करताना आधी हेलिकॉप्टर, शेवटी रिमोट. नव्याने बाइंड करण्याची, म्हणजे रिमोट आणि हेलिकॉप्टरची जोडी जुळवण्याची, पद्धत प्रत्येक मॉडेलची वेगळी असते, ती पुस्तिकेत बघा.

उंची आपोआप धरणारं हेलिकॉप्टर घेतलं, पण ते मधेच उसळतं.

उंची धरण्यासाठी त्यात हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर असतो. कुणी दार आपटलं, एसी सुरू झाला, जोराचा वारा आत आला की खोलीतला दाब क्षणभर बदलतो आणि हेलिकॉप्टरला वाटतं आपण खाली-वर झालो. दारं बंद करून सगळ्यांना बसायला सांगा.

काहींमध्ये जागा धरण्यासाठी पोटाशी छोटा कॅमेरा असतो, जो जमिनीवरची नक्षी पाहून सरकणं ओळखतो. एकरंगी चकचकीत फरशीवर त्याला धरायला काही सापडत नाही. अशांसाठी नक्षीची सतरंजी पसरणं कामाला येतं, मात्र ती ताणून सपाट करा, नाहीतर वर सांगितल्याप्रमाणे स्किड अडकतील.

भिंतीला आपटलं तर आधी काय करू?

थ्रॉटल शून्य. धडक बसणार हे दिसताक्षणी, जमिनीवर पडायच्या आधीच. अडकलेला पंखा चालू राहिला तर पाती वाचतात पण मोटर किंवा गिअर जातो. उचलण्याआधी बॅटरी काढा. मग गिअरचे दाते, दांड्याचा सरळपणा आणि शेपटीचा पंखा बघा. शेपटीच्या दांड्याभोवती घरातले लांब केस आणि दोरे हटकून गुंडाळले जातात. शेपटी अचानक दुबळी वाटू लागली तर नव्वद टक्के वेळा तेच असतं, असं मी बेधडक सांगेन. चिमट्याने काढा.

मुलांना कोणत्या वयापासून द्यावं?

पेटीवर लिहिलेलं वय पाळा, आणि त्याहून लहान मूल शेजारी बसलं असेल तर उडवू नका. खेळणं म्हणून विकलं जाणारं हेलिकॉप्टर घेत असाल तर आयएसआय खूण बघा. १ जानेवारी २०२१ पासून भारतात चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ती सक्तीची आहे. उडवणाऱ्याने आणि बघणाऱ्याने चष्मा किंवा गॉगल घालावा, केस बांधावेत. मांजर असेल तर तिला दुसऱ्या खोलीत ठेवा, ती झडप घालतेच.

कलेक्टिव्ह पिच मात्र लहान मुलांच्या हाती देऊ नका. वजन पन्नास ग्रॅम असलं तरी त्याची पाती मिनिटाला हजारो फेरे घेतात आणि डोळा जाऊ शकतो.

कलेक्टिव्ह पिचकडे कधी वळू?

चार चॅनलवर चारही दिशांना नाक करून थांबवता येऊ लागलं, आणि सिम्युलेटरवर तुम्ही सलग काही मिनिटं न आपटता राहू लागलात की. पहिले काही दिवस स्वतःला सपाट ठेवणाऱ्या मोडमध्येच उडवा. आयडल-अपचा, म्हणजे स्टिक कुठेही असली तरी पंखा जोरात फिरत ठेवणारा, खटका कुठे आहे ते बोटांना पाठ असू द्या. तो चालू असताना थ्रॉटल तळाला नेलं तर पंखा थांबत नाही, उलट पाती उणे कोनात जातात आणि हेलिकॉप्टर जमिनीवर आदळतं. मोटर बंद करण्यासाठी थ्रॉटल होल्डचा वेगळा खटका असतो. आधी तो दाबायची सवय लावा.

भाऊ अमेरिकेहून येताना बॅटऱ्या आणणार आहे. विमानात चालतात का?

सुट्या लिथियम बॅटऱ्या फक्त हातातल्या सामानात, चेक-इनच्या बॅगेत नाही. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीला वेगळी परवानगी लागत नाही, आणि तुमची १५० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी जेमतेम अर्धा वॉट-तास भरते. प्रत्येकीच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती वेगळ्या पिशवीत ठेवायला सांगा. विमान कंपनीची संख्येची मर्यादा आधी बघून घ्या.

परवाना लागतो का? गच्चीवर उडवलं तर?

२०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचं मानवरहित विमान नॅनो गटात येतं, आणि नॅनो उडवायला रिमोट पायलटचा परवाना लागत नाही. या पानावरची बहुतेक हेलिकॉप्टरं त्याहून खूपच हलकी आहेत.

गच्चीची गोष्ट वेगळी आहे. बाहेर पडलात की हवाई क्षेत्राचे नियम लागू होतात, म्हणून डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर तुमचा भाग कोणत्या रंगात आहे ते बघा. विमानतळ आणि संरक्षण दलांच्या तळांच्या आसपास विशेष काळजी घ्या. पुण्यात लोहगाव आणि मुंबईत विमानतळालगतची उपनगरं यात येतात. शिवाय मुंबई पोलीस वेळोवेळी ड्रोन आणि रिमोटवर चालणाऱ्या हलक्या विमानांवर बंदीचे आदेश काढतात, त्यात सूट आहे का हे आधी तपासा. आणि नियम बाजूला ठेवले तरी चाळीस ग्रॅमचं कोॲक्सिअल गच्चीवरच्या झुळकीत टिकत नाही, ते थेट शेजारच्या इमारतीच्या पत्र्यावर जातं.